मागच्या खोलीतला वर्ग

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर निदान शेवट तरी नीट केला असता.

घडलं ते एका गुरुवारी. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. बाहेर लख्ख ऊन होतं, खिडकी सताड उघडी होती. आमच्याच घराच्या मागच्या खोलीत.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. अठरा वर्षं झाली. माझं पोट कानावर चालतं म्हटलं तरी हरकत नाही. केबिनमध्ये नुसतं उभं राहिलं की ब्रेक घासतोय, बेअरिंग गेलंय, की वरच्या चाकातलं ग्रीस संपलंय, ते मला आवाजावरून कळतं. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात चार-चार तास एकट्यानं काम केलंय. तिथे कधी भास झाला नाही.

म्हणून म्हणतो, माझ्यावर नका ठेवू विश्वास. माझ्या कानांवर ठेवा.

घरात आम्ही दोघंच. मी आणि बायको.

घर जुनं घेतलं होतं. एकमजली, गल्लीच्या अगदी टोकाला. "थोडंफार काम काढलं की झालं," असं मीच तिला म्हणालो होतो. ते थोडंफार काम दीड वर्ष चाललं. न्हाणीघराची फरशी उखडलेली. स्वयंपाकघराच्या एका भिंतीला पुट्टी, बाकीच्या तिन्ही तशाच. मागच्या खोलीला तर दारच नव्हतं, वाळवीनं खाल्लं म्हणून काढून टाकलेलं. ड्युटी संपली की मी घरी येऊन पुन्हा कामाला लागायचो.

त्यातच बायकोनं परत शिकायला घेतलं.

तिला शिक्षिका व्हायचं होतं. बाविसाव्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि तिचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं. तेहतिसाव्या वर्षी तिनं पुन्हा प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. संध्याकाळी मला हे सांगताना ती खूप हसली. मग बराच वेळ बेसिनपाशी हात धूत राहिली.

आणि तिसरं म्हणजे मूल.

सहा वर्षं चाललं होतं आमचं. दोनदा राहिलं. दोनदा गेलं. नव्या डॉक्टरीणबाईंकडे उपचार सुरू केले होते. रोज सकाळी सात वाजता इंजेक्शन. ते मीच द्यायचो.

कुणी खोदून विचारलं की बायको म्हणायची, "आमच्याकडे तीन कामं अर्धवट आहेत. न्हाणीघर, शिक्षण आणि मूल. कुठलं आधी उरकतंय बघू." माणसं हसायची. पुन्हा विचारायची नाहीत.

मागची खोली कशासाठी ठेवलीय, हे आम्ही दोघांनी कधी तोंडानं म्हटलं नाही. तूर्तास ती तिच्या अभ्यासाची खोली होती. रंगाच्या दोन डब्यांवर फळी टाकून मी तिला टेबल करून दिलं होतं.

तिथेच ती पाठाचा सराव करायची.

म्हणजे समोर पहिलीची मुलं बसलीत असं समजायचं आणि शिकवायचं. कॉलेजच्या मॅडमनी तिला एक चूक दाखवली होती. "तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच स्वतःच उत्तर सांगून मोकळ्या होता. थांबत जा. मनात पाच मोजा. मुलांना बोलू द्या." घरी पाठ रेकॉर्ड करून ऐका, असंही त्या म्हणाल्या होत्या.

मग ही फोन खिडकीत ठेवायची. समोरच्या रिकाम्या भिंतीला विचारायची, "सांगा बरं, चिमणीला पाय किती?"

थांबायची. मनात पाच मोजायची.

"शाब्बास. दोन."

नंतर कानात इयरफोन घालून तेच रेकॉर्डिंग ऐकत ती खिडक्यांच्या चौकटी पॉलिशपेपरनं घासायची. एका वेळी दोन कामं. तिचं सगळं असंच चालायचं.

एका रविवारी ती चौकट घासता घासता थांबली. माझ्याकडे आली. एक इयरफोन तिनं माझ्या कानात घातला.

"सांगा बरं, चिमणीला पाय किती?"

शांतता.

आणि त्या शांततेत...

कुणीतरी काहीतरी बोललं.

अगदी हळू. शब्द कळला नाही. पण वर्गात शेवटच्या बाकावरचं लाजाळू पोर जसं तोंडातल्या तोंडात बोलतं, तसं.

"काय आहे हे?" तिनं विचारलं.

"रिकामी खोली आहे. आवाज घुमतो," मी म्हणालो.

"घुमला तर माझाच घुमेल ना. मी तर गप्प होते."

खिडकीची भिंत सोडून बाकीच्या तिन्ही भिंतींना मी गोधड्या टांगल्या. घुमणं बंद झालं.

ते बंद झालं नाही.

चार दिवसांनी शब्द कळायला लागले. "दोन." "पंख." "झाडावर." लहान मुलाचा आवाज. मुलगा की मुलगी, सांगता यायचं नाही. खोलीत उभं राहिलं तर काहीच ऐकू यायचं नाही. फक्त रेकॉर्डिंगमध्ये.

मी तिचा फोन बदलला. माझा दिला. तेच.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो.

त्या दुपारी ती मागच्या खोलीत सराव करत होती आणि मी न्हाणीघरात मशीननं फरशा कापत होतो. तिच्यापासून दहा पावलांवर. मध्ये दार नाही. फरशी कापायच्या मशीनचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक असेल, शेजारची माणसं भांडायला येतात.

संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग ऐकलं.

त्यात मशीन नव्हतं.

गल्लीतल्या गाड्या नव्हत्या. कुत्रा नव्हता. पंखा नव्हता. तिचा श्वासही नव्हता. नुसता तिचा आवाज. मग शांतता...

मग ते.

मी तीनदा ऐकलं. मशीनचा खराब आवाज ओळखणं माझा धंदा आहे. पण आवाज गायब कसा होतो, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेल्यावर मी स्वतः करून बघितलं. फोन खिडकीत ठेवला. भिंतीसमोर उभा राहिलो. मोठा बाप्या माणूस, अंगावर सिमेंट, आणि भिंतीला विचारतोय, "चिमणीला पाय किती?"

रेकॉर्डिंगमध्ये गाड्या होत्या. कुत्रा होता. पंखा होता. माझा घसा खाकरण्याचा आवाज होता.

उत्तर नव्हतं.

माझ्याशी ते बोलत नव्हतं.

शेजारी एक म्हातारे शिंपीकाका राहतात. पस्तीस वर्षं त्याच घरात. दारात मशीन टाकून बसतात, गल्लीतलं पान हललं तरी त्यांना कळतं. मी आडून आडून विचारलं, आमच्या घरात आधी कोण राहायचं.

"दोघं भाऊ होते," ते म्हणाले. "दोघंही बिनलग्नाचे."

"त्यांच्याकडे कधी लहान मूल वगैरे?"

"मूल? अहो, त्यांना पोरांची सावली खपायची नाही. अंगणात चेंडू गेला तर तो परत मिळायचा नाही. त्याआधी तिथे मोकळी जागा होती. का हो, काय झालं?"

"काही नाही, सहज विचारलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागले.

म्हणजे ते घरातलं कुणी नव्हतं. कुणी मेलेलं नव्हतं. मग कोण होतं?

बायकोला हा प्रश्नच पडत नव्हता.

ती घाबरली नाही, हेच मला जास्त लागलं. उलट ती खुलली. कॉलेजातून आली की हातपाय धुऊन थेट मागच्या खोलीत. जेवण निवून जायचं. रोज नवा पाठ.

एकदा मला म्हणाली, "काल मी विचारलं, कोळ्याला पाय किती. तर सहा म्हणालं. मी समजावून सांगितलं, आठ असतात. आज पुन्हा विचारलं."

"मग?"

"आठ म्हणालं."

तिचे डोळे भरून आले होते. आनंदानं.

"अरे, शिकतंय ते," ती म्हणाली.

आवाज साठून राहतो, भिंत धरून ठेवते, असलं काहीबाही मी मनाशी जुळवत आणलं होतं. पण साठलेला आवाज शिकत नाही.

"हे बंद कर," मी म्हणालो.

"का?"

"मला भीती वाटते."

"कशाची? ते काय करतंय? विचारलं की उत्तर देतंय, एवढंच."

"कुणाचं आहे, कुठलं आहे, काही माहीत नाही आपल्याला."

ती हातातल्या पॉलिशपेपरची घडी घालत राहिली.

"सहा वर्षं मी विचारतेय," ती म्हणाली. "पहिल्यांदा कुणीतरी ओ देतंय. देऊ दे ना."

खोलीला कुलूप लावायचं तर दार नव्हतं. फोन काढून घ्यायचा तर तो तिचा अभ्यास होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, या महिन्यात त्यांना जपा, मनावर ताण येऊ देऊ नका.

मी न्हाणीघरात जाऊन फरशा बसवत बसलो. एक ओळ तिरकी गेली. अजून तशीच आहे.

महिन्याच्या शेवटी तिचा फोन आला तेव्हा मी नवव्या मजल्यावर मशीनरूममध्ये होतो. तिला बोलता येईना. मला वाटलं, पुन्हा तेच. मग ती म्हणाली, "राहिलंय."

मी तिथेच तेलकट जमिनीवर बसलो.

त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखा पाठ घेतला. रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी मिळून ऐकलं.

"सांगा बरं, पाऊस कुठून येतो?"

शांतता...

त्या शांततेत एक रिक्षा गेली. कुत्रा भुंकला. पंख्याची टकटक आली.

बाकी कुणी नव्हतं.

तिनं दुसरा प्रश्न ऐकला. तिसरा. सगळीकडे नुसते गल्लीचे आवाज. मला हुश्श झालं. तिला रडू येईल म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती रडली नाही. तिनं फोन बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पोटावर ठेवले.

"आता तिथे कसं असेल?" ती म्हणाली आणि हसली.

इतकी निवांत मी तिला सहा वर्षांत पाहिली नव्हती. ती निवांत असताना आपण तोंड उघडून काय सांगायचं?

पुढचे सात-आठ आठवडे बरे गेले. आवाज नाही, उत्तरं नाहीत. ती जपून चालायची, कॉलेजच्या जिन्यावर कठडा धरायची, पण कॉलेज सोडलं नाही. परीक्षेचा पाठ जवळ आला होता. खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर, मागे परीक्षक बसलेले. तिला तो पाठ द्यायचाच होता.

"चाळीस मिनिटांचं तर काम आहे," ती म्हणाली. "मैत्रीण आहे बरोबर. तू खोली संपव."

तो गुरुवार.

मी सुट्टी घेतली होती. मागच्या खोलीला नवीन दार बसवायचं होतं. दुपारभर खपून बिजागऱ्या ठोकल्या, दाराचा तळ रंध्यानं तासून घेतला. दार कुठे घासतंय का बघायला मी खोलीच्या आत उभा राहिलो आणि ते लावून घेतलं.

छान बसलं. कडी घातली नव्हती. नुसतं टेकवलेलं.

मी खाली वाकून फटीचा अंदाज घेत होतो.

तेवढ्यात...

पंख्याचा आवाज थांबला.

मी वर बघितलं. पंखा फिरत होता.

गल्लीतही काही नव्हतं. गाड्या नाहीत. शिंपीकाकांचं मशीन नाही. मी हातातला हातोडा खाली ठेवला, त्याचा आवाज आला नाही. कान गच्च भरल्यासारखे झाले. मला ती शांतता ओळखीची वाटली. मी ती रेकॉर्डिंगमध्ये ऐकली होती.

मग दाराबाहेर पावलं वाजली.

छोटी. अनवाणी. पुढच्या दारापासून पॅसेजमधून येणारी. धावत नव्हती. एक एक टाकत येत होती.

माझ्या दारापाशी थांबली.

टक... टक...

खूप खालून. माझ्या गुडघ्याच्या उंचीवरून.

"आत येऊ?"

तोच आवाज. फोनमधून नाही. लाकडाच्या पलीकडून, हातभर अंतरावरून.

मी दाराकडे बघत राहिलो. माझा हात दाराच्या मुठीवर होता, तो मला उचलता येईना. ओढता येईना. काहीच करता येईना.

"आत येऊ?"

आवाजात घाबरवायचा प्रयत्न नव्हता. उशीर झालेलं मूल वर्गाच्या दारात उभं राहून विचारतं, तसं विचारत होतं. आणि वाट बघत होतं. मला वाटतं, ते मनात पाच मोजत होतं.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. भीती होती. पण नुसती भीती नव्हती.

तिसऱ्यांदा ते अगदी हळू बोललं.

"...येऊ?"

मी नाही म्हणालो नाही.

पण हो सुद्धा म्हणालो नाही.

पावलं वळली. आली तशीच गेली. पॅसेज, बाहेरची खोली, पुढचं दार. मग एकदम पंखा वाजायला लागला, गल्ली वाजायला लागली आणि माझा फोनही वाजायला लागला.

तिची मैत्रीण होती.

"ताईंना बरं वाटत नाहीये. पाठ चालू असताना एकदम खाली बसल्या. आम्ही दवाखान्यात नेतोय, तुम्ही लगेच या."

"कधी?" मी विचारलं. इतकंच सुचलं.

"आत्ताच, चार-वीसला. पाठाला वेळ लावलेली होती म्हणून घड्याळाकडेच बघत होते मी."

दार उघडायला मला भीती वाटली. मी खिडकीतून उडी मारून गेलो.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. त्यांना काय सांगायचंय ते मला गेटपाशीच कळलं होतं. "असं होतं कधी कधी," त्या म्हणाल्या. "यात कुणाची चूक नसते."

कुणाची चूक नसते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली.

बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी स्टुलावर बसलो. बऱ्याच वेळानं तिनं न वळता विचारलं, "दार बसलं का?"

"बसलं."

"नीट?"

"हो."

तिनं पुढे काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तिनं परीक्षा पुन्हा दिली, पास झाली. आता पहिलीच्या वर्गाला शिकवते. चांगली शिकवते असं सगळे म्हणतात. न्हाणीघरही पूर्ण झालं. मागच्या खोलीचं दार मी आठवड्याभरातच काढून टाकलं. लाकूड फुगलंय, असं तिला सांगितलं. बिनदाराच्या खोलीत यायला कुणाला विचारावं लागत नाही, इतकाच माझा हिशोब होता.

अजून कुणी आलेलं नाही.

माझे कान मात्र बिघडलेत. लिफ्टमध्ये असताना मध्येच एखादा आवाज थांबला, की मी श्वास रोखून उभा राहतो. बरोबरचे लोक विचारतात, काय ऐकताय? मी म्हणतो, ब्रेक.

हे लिहायचं कारण एवढंच, की कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि जिला सांगायला हवं तिला सांगता येत नाही. ते कोण होतं, माझ्या एका शब्दानं काही बदललं असतं का, की त्याला आत घेतलं असतं तर याहून वाईट झालं असतं, मला कशाचाच पत्ता नाही.

पुढच्या सोमवारपासून उपचार पुन्हा सुरू होतायत. शेवटचा प्रयत्न, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. इंजेक्शनं काल आणून फ्रिजमध्ये ठेवली.

आज सकाळी शाळेत जायला निघताना ती चपला घालता घालता थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "या वेळी होईल ना रे?"

मी तोंड उघडलं.

ती थांबली होती. वाट बघत होती.

मग तिच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला आणि ती गेली.